घाटाखालून पाहिलेले सर दोराबजी

मुंबईच्या एका रुग्णालयातून आमचे भावोजी घरी आले तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांची पिशवी होती आणि केसपेपरच्या पाठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत खरडलेली एक ओळ होती. आपल्या भागातला क्लिनिकल सोशल वर्कर गाठा, असा तिचा अर्थ. भावोजी म्हणजे माझ्या आत्येबहिणीचे, माईचे, यजमान. कर्जत तालुक्यातल्या एका गावात त्यांचे घर आहे. तेवीस वर्षे त्यांनी खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून काम केले. कारखाना बंद पडला आणि पुढच्या दीड वर्षात हा बोलका माणूस हळूहळू मुका होत गेला. आधी पारावर जाणे थांबले, मग अर्ध्या जेवणावरून उठणे सुरू झाले, आणि ज्याच्या आवाजावर वाडीतली गणपतीची आरती चालायची तो माणूस आरतीच्या वेळी मागच्या पडवीत बसून राहू लागला.

मी खोपोलीचा. शाळामास्तर होतो, आता निवृत्त आहे. नात्यात चार बुके शिकलेला मी एकटाच, म्हणून असे कागद फिरून फिरून माझ्याकडे येतात. हाही आला. गेल्या दहा वर्षांतलीच ही गोष्ट.

सोशल वर्कर हा शब्द आमच्याकडे पोराटोरांनाही येतो. कर्जत स्टेशनाबाहेरच्या वाढदिवसाच्या फलकांवर नजर टाका, निम्म्या नावांच्या आधी समाजसेवक लागलेले दिसेल. जुन्या माणसांना तो शब्द उच्चारला की माथेरानचे भाई कोतवाल आठवतात. सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायला धान्यकोठार उभारणारा हा वकील १९४३ च्या जानेवारीत सिद्धगडावर गोळी लागून गेला. ती सेवाच होती, आणि केवढी. पण डॉक्टरांना हवा होता तो माणूस वेगळा. आजाऱ्याच्या घरी जाऊन घर समजून घेणारा, औषध आणि चूल यांच्यामधली गाठ सोडवणारा, आणि हे काम रीतसर शिकलेला. असा माणूस कर्जत-खालापुरात कुठे शोधायचा?

प्रथम आम्ही फसलो. एका बाजारपेठेतल्या गाळ्यावर समुपदेशन केंद्र अशी पाटी होती. तिथल्या गृहस्थांनी तीन बैठकांचे पैसे आगाऊ घेतले, दुसऱ्या बैठकीत भावोजींना अंगठीत घालायचा खडा सुचवला आणि मनोनिग्रह कमी आहे असे सांगून मोकळे झाले. भिंतीवरचे प्रमाणपत्र मी चष्मा लावून वाचले तेव्हा ते तीन महिन्यांच्या टपालाने होणाऱ्या अभ्यासक्रमाचे निघाले. माई परतीच्या लोकलमध्ये एक शब्द बोलली नाही. पळसदरी गेले, केळवली गेले, ती नुसती खिडकीबाहेर पाहत होती.

शेवटी वाट दाखवली ती सरकारी दवाखान्यातल्या एका परिचारिकेने. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मनोविकारतज्ज्ञाबरोबर एक मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता असतो, तुम्ही अलिबागेला जिल्हा रुग्णालयात विचारा, असे तिने सांगितले. मोठ्या सरकारी रुग्णालयांत याच शिक्षणाची माणसे समाजसेवा अधीक्षक या नावाने बसतात, हेही तिच्याकडूनच कळले. इतकी वर्षे मी ती पाटी वाचून पुढे गेलो होतो. मला वाटायचे, गरिबांचे बिल माफ करणारा कारकून असेल.

अशा रीतीने एक बाई भेटल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. गाळ्याच्या अनुभवाने शहाणा झालो होतो, म्हणून मी जरा आडूनच त्यांचे शिक्षण विचारले. त्या रागावल्या नाहीत. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत दोन वर्षे एम.एस.डब्ल्यू. केले, त्यानंतर रुग्णालयात देखरेखीखाली काम करीत पुढचे शिक्षण घेतले, हे सारे त्यांनी नीट सांगितले. मी खोपोलीचा आहे हे कळल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या संस्थेचे मूळ नाव सर दोराबजी टाटा यांच्यावरून होते.

मी चमकलो. दोराबजी हे नाव मला त्यांच्याही आधीपासून माहीत होते. माझे वडील वीजघरात पाळीवर जात. आमच्या खोपोलीच्या मुलांना घाटावरून उतरणाऱ्या त्या अजस्र नळांच्या बरोबरीने ते नाव कानावर पडायचे. पण नळ उतरवणारा माणूस आणि माईच्या घरी येणारी ही बाई यांचा काही संबंध असेल, हे कधी मनातही आले नव्हते. घरी आलो आणि मिळेल ते वाचायला बसलो. ते असे.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईचा. जमशेटजी आणि हिराबाई यांचे ते थोरले चिरंजीव. धाकटे भाऊ रतन त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, म्हणजे घरात बराच काळ सगळ्या अपेक्षांचे ओझे एकट्या दोराबवर. शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. केंब्रिजमध्ये त्यांनी पुस्तकांपेक्षा मैदान अधिक गाजवले, क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही. १८७९ मध्ये परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समधून १८८२ साली पदवीधर झाले. त्यानंतर हा लक्षाधीशाचा मुलगा दोन वर्षे चक्क वर्तमानपत्रात बातमीदारी करीत होता. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार आवडतो, पण चरित्रकार तो एका ओळीत उरकतात, तेव्हा मलाही पुढे गेले पाहिजे. मग पाँडिचेरी, मग नागपूरची एम्प्रेस मिल, असे वडिलांच्या धंद्याचे धडे सुरू झाले.

लग्न उशिरा झाले. म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख असलेल्या डॉ. भाभांच्या घरी जमशेटजी गेले होते. परत आल्यावर त्यांनीच दोराबला तिकडे जायला सुचवले. भाभांच्या कन्या मेहेरबाई यांच्याशी १८९८ मध्ये विवाह झाला तेव्हा नवरदेव अडतिशीत होते आणि वधू त्यांच्या निम्म्या वयाची. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झालेले होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि चांगल्या चांगल्यांना हरवत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीच्या खेळाडूंत त्यांचे नाव आहे. बालविवाहाला बंदी घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला, त्यासाठीही त्यांनी आवाज उठवला होता. या जोडप्याला मूल झाले नाही.

१९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. ताजमहाल हॉटेल तेवढे त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले होते. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि सह्याद्रीच्या पाण्यातून वीज ही तिन्ही कामे कागदावर होती. म्हणजे दोराबजींच्या वाट्याला दुसऱ्याची स्वप्ने आली. आपल्याकडे बापाच्या इस्टेटीवरून भांडणारी भावंडे घरोघर दिसतात. बापाच्या अपुऱ्या कामांचा वारसा मागणारी थोडी.

पोलादाची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. नागपूरच्या सचिवालयात अधिकाऱ्याची वाट पाहत ताटकळलेले दोराबजी वेळ घालवायला समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग भागात त्यांना लोखंडाच्या खुणा दिसल्या, हा प्रसंग शाळेत असताना मी मुलांना रंगवून सांगत असे. लंडनच्या बाजाराने पैसा दिला नाही तेव्हा १९०७ मध्ये भागभांडवल देशातच उभे केले गेले आणि सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत ते भरले. १९१२ मध्ये साकचीला पहिले पोलाद निघाले. आधी, १९१० मध्ये, दोराबजींना सर ही पदवी मिळालेली होती.

पण मला सांगायचे आहे ते आमच्या अंगणातले. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालत आणि गिरणगावाचे आभाळ काळे असे. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराला जातो. तोच अडवून पश्चिमेला कोकणात खाली सोडला तर, हा विचार जमशेटजींच्या हयातीतला. तो खरा केला दोराबजींनी. १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी निघाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव बांधले, आणि तिथले पाणी सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून नळांतून खोपोलीच्या वीजघरात आणले. १९१५ च्या फेब्रुवारीत मुंबईची गिरणी त्या विजेवर फिरली. खोपोलीत काम केलेले पाणी पाताळगंगेला सोडून दिले. आज आमच्याकडचे उद्योग ज्या नदीवर उभे आहेत तिला बारमाही वाहते केले ते या घाटमाथ्याच्या पाण्याने.

लगेच कर्जतची पाळी आली. १९१६ मध्ये आंध्र व्हॅली कंपनी स्थापन झाली, ठोकरवाडीला आंध्र नदीवर धरण बांधले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्याचे पाणी उल्हास नदीत जाते. म्हणजे आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या दोन्ही नद्यांत एका माणसाच्या हट्टाचे पाणी वाहते आहे.

वीज मात्र गेली मुंबईला. वडील सांगत, पाळी संपवून ते वीजघराच्या लखलखाटातून बाहेर पडत आणि घरी येऊन कंदिलाची काच पुसत. नळांच्या अंगाखालच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांत तर दिवा यायला आणखी कितीतरी वर्षे गेली. वडिलांच्या सांगण्यात तक्रार नसे. मी मात्र ती ऐकत असे.

तिसऱ्या प्रकल्पाची गोष्ट याहून कडू. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण ठरले आणि पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार हे दिसू लागले. १९२१ साली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी तो लढा चालवला, बापटांनी तुरुंगवास भोगला. धरण झालेच. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. कंपनीचे प्रमुख दोराबजीच होते. त्यांचे गुणगान करणाऱ्या पुस्तकांत हे प्रकरण एक तर नसते किंवा चार ओळींत असते. मला ते वगळून पुढे जाता येत नाही. मुळशीच्या शेतकऱ्याला नुकसानभरपाईचा आकडा सांगायला माणसे होती. तुझ्या घराचे, देवळाचे, म्हाताऱ्या आईचे पुढे काय करायचे, हे त्याच्या ओट्यावर बसून विचारायला कंपनीचे कोणी नव्हते आणि सरकारचेही. त्या कामाचे शिक्षण घेतलेला माणूसच तेव्हा या देशात नव्हता.

तसे पाहिले तर या घराण्याला गरिबीच्या अभ्यासाची जाण अगदी नव्हती असे नाही. धाकटे रतन टाटा यांनी १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दारिद्र्याच्या अभ्यासासाठी देणगी दिली होती. जमशेदपूरच्या कामगारांच्या सोयींविषयी सिडनी आणि बीट्रिस वेब यांच्यासारख्या मंडळींचा सल्ला घेतला गेला होता. तरी तिथेही संप झालेच, १९२८ च्या संपात तर सुभाषचंद्र बोस यांना मध्ये पडावे लागले. सांगायचे ते एवढेच की, सोयी करणे आणि माणसाचे ऐकून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या काळात भल्याभल्यांना उमगत होते, पुरते साधत नव्हते.

खेळाकडे मात्र दोराबजींची नजर अचूक होती. १९१९ मध्ये पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना ते अध्यक्ष म्हणून गेले. अनवाणी धावणारी खेड्यातली पोरे युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास वेळ देताना पाहून त्यांनी मनावर घेतले, आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले त्या वेळी मॅरेथॉन धावले. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष दोराबजीच झाले.

१९२४ हे साल त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण. पहिल्या महायुद्धात साकचीच्या रुळांना मागणी होती. युद्ध संपले, किमती कोसळल्या, बाहेरचे स्वस्त पोलाद येऊन पडू लागले. कारखान्याच्या विस्तारात पैसा अडकलेला. एके दिवशी जमशेदपूरहून तार आली की कामगारांच्या पगारापुरतेही पैसे नाहीत. दोराबजींनी इम्पीरियल बँकेकडे आपली सारी खासगी मालमत्ता तारण ठेवली. सुमारे एक कोटी रुपयांची होती ती, १९२४ चे कोटी. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते आणि कोहिनूरच्या दुपटीहून मोठा असा ज्युबिली हिराही होता. आमच्या माईनेही त्या दीड वर्षात पाटल्या गहाण टाकल्या होत्या, नवऱ्याला न सांगता. आकड्यांची तुलना करायची नाही, पण बायकोचा दागिना घराबाहेर जातो तेव्हा घरात कशी शांतता पसरते ती कोटीत आणि हजारात सारखीच असणार. कारखाना तगला. दागिने परत आले.

दागिने घालणारी मात्र फार दिवस राहिली नाही. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला आणि १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्या पन्नाशीच्या होत्या. इंग्लंडातच ब्रुकवूडच्या दफनभूमीत त्यांना ठेवले. दोराबजी बाहत्तरीला आले होते. मूल नाही, भाऊ १९१८ मध्येच गेलेला.

यानंतरच्या वर्षभरात त्यांनी जे केले ते मी दोनतीनदा वाचले. एप्रिल १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने न्यास केला, रक्ताच्या आजारांवरील संशोधनासाठी. त्याच्या महिनाभर आधी आपली उरलीसुरली सारी दौलत दुसऱ्या न्यासाच्या हवाली केली. भाग, जमिनी, आणि बायकोचे दागिनेसुद्धा. नेमके हेच काम करा अशी दोरी त्यांनी न्यासाला बांधली नाही. ज्ञानाच्या वाढीसाठी, संकटातल्या माणसांच्या निवारणासाठी, देश-जात-धर्म न पाहता पैसा खर्च व्हावा, एवढेच. मग ते पत्नीच्या समाधीला जायला निघाले. वाटेत जर्मनीत, बाड किसिंगेनला, ३ जून १९३२ रोजी त्यांनी देह ठेवला. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते. आज दोघे ब्रुकवूडला शेजारी आहेत.

समाजकार्याची शाळा काढा असे दोराबजींनी कुठे लिहून ठेवलेले नाही, हे सांगितले पाहिजे. नाहीतर आपण थोरांच्या नावावर नसलेले श्रेय जमा करतो. ती कल्पना क्लिफर्ड मॅन्शार्ट यांची. अमेरिकन मराठी मिशनचे हे गृहस्थ १९२५ मध्ये मुंबईत आले आणि नागपाड्याच्या दाट वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस चालवले. मुंबईत सेवाभावी माणसांचा तोटा नव्हता. आपल्याच कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्येच सोशल सर्व्हिस लीग काढली होती. मॅन्शार्टना वाटे ते असे की डॉक्टर शिकून होतो, वकील शिकून होतो, तर दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचे आयुष्य हाताळणाराच तेवढा न शिकता का चालावा? न्यासाच्या विश्वस्तांना ते पटले. वस्तुतः त्या पैशातून दानधर्म करून नाव मिळवणे सोपे होते. त्यांनी मदत वाटण्याऐवजी मदत करणारे घडवायचे ठरवले.

१९३६ मध्ये नागपाड्याच्या त्याच वास्तूत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. वीस विद्यार्थी, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास. अशा तऱ्हेची देशातली ही पहिली शाळा. वर्गात जे शिकायचे ते वस्तीत जाऊन करायचे, घरभेट द्यायची, नोंद लिहायची, आणि ती नोंद शिक्षकाने तपासायची. शेवटची गोष्ट मला मास्तर म्हणून फार महत्त्वाची वाटते. चुकीचा सल्ला दिला तर विचारणारा कोणी तरी वर आहे. १९३७ मध्ये मुलांच्या मनोविकारांसाठी मार्गदर्शन केंद्र निघाले. १९४४ मध्ये संस्थेने आजचे नाव घेतले, १९४६ मध्ये जे.जे. रुग्णालयात शिक्षित समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, आणि १९५४ मध्ये संस्था देवनारला गेली. त्याच न्यासाच्या पैशातून परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उभे राहिले हे सर्वांना ठाऊक असते. नागपाड्यातली शाळा सहसा कुणाला ठाऊक नसते.

परवान्याचे म्हणाल तर अमेरिकेत राज्येच अशा कार्यकर्त्याला परवाना देतात आणि डॉक्टरांनी लिहिलेली ती ओळ मुळात तिकडची भाषा. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता कोणाला म्हणायचे याची व्याख्या केली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या कामासह दोन वर्षांचे एम.फिल. असा तिचा आशय. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात रुग्णालयातले आणि मनोविकारातले समाजकार्यकर्ते नोंदणीच्या कक्षेत घेतले. म्हणून पाटी पाहून आत शिरण्याआधी कोणते शिक्षण, कुठल्या विद्यापीठाचे, आणि तुमच्या कामावर देखरेख कोणाची, हे विचारायला लाजू नये. शिकलेला माणूस उत्तर देतो. गाळ्यातल्या गृहस्थांना मी विचारलेच नव्हते, तो दोष माझा. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांकही २०२२ पासून आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि जवळची सोय विचारता येते. ठाण्याचे मनोरुग्णालय तर १९०१ पासूनचे.

शिवाय ज्या कर्जतमध्ये आम्ही माणूस शोधत हिंडत होतो, त्याच कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र २००६ पासून उभे आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणून ते बरे करतात आणि तिथले कार्यकर्ते त्यांना देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचवून येतात. २०१८ मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे मिळाले तेव्हा आम्ही सत्काराच्या बातम्या वाचल्या. तिथे जे काम चालते तेच काम छपराखालच्या माणसालाही लागते, हे तेव्हा लक्षात आले नाही.

आता त्या बाईंनी काय केले ते. अलिबागेला पहिल्या भेटीत त्यांनी भावोजींना जवळजवळ काहीच विचारले नाही. माईला विचारले. पुढे कर्जतच्या बाजूला कामासाठी आल्या तेव्हा घरी यायचे ठरले. मी स्टेशनवर घ्यायला गेलो. संध्याकाळ होत आली होती. घरात शिरताच त्या उंबऱ्याशी थांबल्या, आणि दिवा का लावत नाही म्हणून विचारले. माई पदराशी चाळा करू लागली. चार महिन्यांचे बिल थकले होते आणि मीटर तोडून नेले होते. मी दर पंधरवड्याला त्या घरी जात होतो, नेहमी दुपारचा. मला हे माहीत नव्हते.

बाईंनी गोळ्यांची पिशवी मागितली आणि दारात, उजेडाला नेऊन एकेक पाकीट पाहिले. दोन पाकिटे एकाच आकाराची, एकाच रंगाची. एक सकाळचे, एक रात्रीचे. रात्री चिमणीच्या उजेडात माईला ती वेगळी करता येत नव्हती. दीड महिना भावोजी सकाळची गोळी रात्री घेऊन जागत होते आणि रात्रीची सकाळी घेऊन दिवसभर पेंगत होते. आम्ही सगळे समजत होतो, औषध लागू पडत नाही. त्यांनी एका पाकिटाला जाड दोरा गुंडाळून दिला. बिलाचे हप्ते कसे पाडून घ्यायचे, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे मला सांगितले. कारखान्याकडे अडकलेल्या देण्यांचे कागद कुठे आहेत ते विचारले. मग भावोजींजवळ जाऊन बसल्या आणि फिटरकाम शिकायला किती वर्षे लागतात, एवढेच त्यांना विचारले. बऱ्याच वेळाने त्यांनी उत्तर दिले.

भावोजी पूर्वीसारखे झाले असे मी लिहिले तर ते खरे होणार नाही. काही आठवडे चांगले जातात, काही नाही. गेल्या गणपतीत ते आरतीला पुढे उभे नव्हते, पण पडवीतही नव्हते. दाराच्या चौकटीला टेकून टाळ धरला होता. महिन्यातून एकदा आम्ही दोघे त्यांच्या तपासणीला जातो. मागच्या वेळी ते आदल्या दिवशी माझ्याकडे खोपोलीला मुक्कामाला आले होते. सकाळी स्टेशनाकडे चालताना वर घाटातले नळ दिसत होते. भावोजी थांबले, बराच वेळ पाहत राहिले, आणि त्या नळांच्या सांध्यांना कोणते पॅकिंग घालत असतील याबद्दल मला काहीबाही सांगू लागले. मला त्यातले ओ का ठो कळले नाही. लोकल चुकली तरी मी त्यांना थांबवले नाही.